हाडं दुखतात म्हणून कॅल्शियम सुरू करण्याआधी : हाडांच्या चयापचयाचे आजार, तपासण्या आणि उपचार

शेवंती

मंडळी, आरोग्याच्या विभागात गुडघेदुखी-कंबरदुखीवर बरेच धागे आहेत, पण त्यात रक्ततपासणीबद्दल जवळजवळ काहीच नाही. म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या मोठ्या नणंदबाई नाशिकला असतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, घरातच शिवणकाम. काही वर्षं त्यांचं अंग दुखत होतं. आधी कंबर, मग मांड्या, मग बरगड्या. कुणी वात म्हटलं, कुणी सायटिका, कुणी 'पाळी जायच्या वयात असं होतंच' म्हणून सोडून दिलं. मणक्याचा एमआरआय झाला, त्यात थोडीशी झीज निघाली, पट्टा आला. वेदनाशामक गोळ्यांनी आम्लपित्त झालं, त्यावर आणखी गोळ्या.

दिवाळीत त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मी नीट पाहिलं. जमिनीवरून उठताना वन्सं आधी कुशीवर वळायच्या, मग एक हात मांडीवर दाबून दुसऱ्या हाताने पलंगाचा कठडा ओढायच्या. जिना चढताना प्रत्येक पायरीला कठडा. चाल बदकासारखी, दोन्ही बाजूंना हेलकावे. सांधा एकही सुजलेला नाही. नडगीवर अंगठ्याने जरा दाबलं तरी "आई गं" व्हायचं. दुखणं सांध्यात नव्हतंच, हाडात होतं. आणि मांडीत ताकद नव्हती.

पुढे ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी एमआरआयची फाईल बाजूला ठेवून साधं रक्त काढायला सांगितलं. रिपोर्ट असा होता : कॅल्शियम ८.१, फॉस्फरस २.२, अल्कलाईन फॉस्फटेज ४१२ (प्रौढांत साधारण १२० च्या आत हवं), ड जीवनसत्त्व ६ (फारच कमी), पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथींचं संप्रेरक) नॉर्मलच्या कितीतरी वर. मग खुब्याचा एक्स-रे. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवलं : मांडीच्या हाडाच्या मानेवर आतल्या बाजूला एक फिकट आडवी रेघ, दोन्ही पायांना, जवळजवळ एकाच जागी. तिला लूझर झोन म्हणतात. निदान ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडं मऊ पडणं. लहान मुलांत ज्याला आपण मुडदूस म्हणतो तोच आजार मोठ्यांत.

उपचार म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या, आठवड्याला एक, आणि रोज जेवणासोबत कॅल्शियम. किती दिवस घ्यायचं ते डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ठरवलं. एवढ्या वर्षांच्या दुखण्याला एवढंसं औषध, हे पटायलाच वेळ लागला.

माझं म्हणणं एकच आहे. हाडं दुखत असतील तर आधी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाईन फॉस्फटेज, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), २५-हायड्रॉक्सी ड (म्हणजे ड जीवनसत्त्वाची पातळी) आणि पीटीएच बघा. यातली पहिली चार कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होतात आणि महाग नाहीत. इतरांचे अनुभव लिहा. डॉक्टर मंडळींनी कृपया भर घालावी.

निर्झर

शेवंतीताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी एंडोक्रिनॉलॉजिस्ट आहे, म्हणजे ग्रंथी आणि संप्रेरकांचा डॉक्टर. हाडांच्या चयापचयाचे आजार आमच्याकडे यायला हवेत, पण येतात ते चार ठिकाणी फिरून.

हाड हे जिवंत ऊतक आहे. जुनं हाड खाणाऱ्या पेशी आणि नवं रचणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करत असतात. रचणाऱ्या पेशी आधी कोलॅजनची चौकट घालतात, मग तिच्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसतात. ऑस्टिओपोरोसिसमध्ये चौकट आणि खनिज दोन्ही प्रमाणात कमी होतात : हाड विरळ होतं, पण जे आहे ते नीट भरलेलं असतं. ऑस्टिओमलेशियात सळया बांधलेल्या असतात पण सिमेंट पडलेलंच नसतं. म्हणून हाड वजनाखाली वाकतं आणि दुखतं. ऑस्टिओपोरोसिस फ्रॅक्चर होईपर्यंत दुखत नाही, हे कृपया लक्षात ठेवा. पन्नाशीच्या आतल्या बाईचं सर्वांग दुखतंय आणि तिला 'हाडं ठिसूळ झालीत' एवढंच सांगून पाठवलंय, असं असेल तर मला आधी शंका येते ती ऑस्टिओमलेशियाची.

रिपोर्ट वाचायचा कसा ते थोडक्यात. ऑस्टिओपोरोसिसमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाईन फॉस्फटेज सगळं बहुधा नॉर्मल येतं. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या ऑस्टिओमलेशियात फॉस्फटेज वाढलेलं, फॉस्फरस कमी, कॅल्शियम कमी किंवा काठावर, पीटीएच वाढलेलं. कॅल्शियम जास्त आणि पीटीएचही जास्त असेल तर ती पॅराथायरॉईड ग्रंथीची गाठ समजून पुढे जायचं. कॅल्शियम नॉर्मल, ड नॉर्मल, फक्त फॉस्फरस सतत कमी असेल तर लघवीतून फॉस्फेट वाहून जातंय का ते बघायचं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर विषयच वेगळा. मूत्रपिंडाच्या रुग्णाने ड आणि कॅल्शियम स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये.

अल्कलाईन फॉस्फटेज यकृतातूनही येतं, आणि गरोदरपणात व वाढत्या वयात ते वाढलेलं असतंच. वाढलेलं दिसलं तर सोबत जीजीटी ही यकृताची चाचणी बघा. ते नॉर्मल असेल तर संशय हाडाकडे वळतो.

डेक्सा स्कॅनबद्दलही (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) सांगतो, कारण गैरसमज इथेच आहे. टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची व्याख्या. पण डेक्सा फक्त खनिज मोजतं. ऑस्टिओमलेशियातही खनिज कमीच असतं, त्यामुळे तिथेही उणे ३, उणे ४ येतो. त्या आकड्यावर जाऊन ऑस्टिओपोरोसिसचं इंजेक्शन दिलं तर नुकसान होऊ शकतं. त्याबद्दल पुढे लिहितो, आता ओपीडी आहे.

गोदाकाठ

शेवंती, नाशिकचं नाव वाचून लिहावंसं वाटलं. या आजाराच्या इतिहासात आपल्या नाशिकची जागा आहे. हचिसन आणि शहा यांचा मुडदूसावरचा अभ्यास १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तो इथलाच. त्यांना दिसलं ते असं की खाऊन-पिऊन सुखी पण गोषात, वाड्याच्या आत राहणाऱ्या घरांतल्या मुलाबाळांत मुडदूस आहे, आणि ज्यांच्या ताटात दूध-तूप नाही पण जे दिवसभर उन्हात राबतात त्यांच्यात नाही. त्याच सुमारास युरोपात एक गट कॉडलिव्हर तेलाने मुडदूस बरा होतो म्हणत होता आणि दुसरा अतिनील दिव्याने. दोन्ही बरोबर होते. गेली शंभर वर्षं हे माहीत असून नाशिकमध्येच एखादीला निदानासाठी वर्षं घालवावी लागतात, याचं फार वाईट वाटतं.

सूर्यफूल

मग गोळ्या कशाला? रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसा. आपले आजी-आजोबा कुठे पुड्या खात होते?

शेवंती

सूर्यफूल, आजी-आजोबा शेतात होते. वन्सं सकाळी सातला तुळशीला पाणी घालतात तेव्हा उन्हात असतातच की. पण त्या उन्हात ड तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. ते मिळतात साधारण अकरा ते तीनमध्ये, हातपाय उघडे असतील तर, आणि काचेच्या खिडकीतून मिळत नाहीत. आपल्या सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. ऊन हवंच. पण ६ वर आलेल्या, हाड वाकायला लागलेल्या माणसाला उन्हात बसवून वाट बघत राहणं बरोबर नाही.

निर्झर

ताईंशी सहमत. त्याला जोडूनच उलट्या टोकाचं सांगतो. ६०,००० ची पुडी *आठवड्याला* एक असते. ती रोज घेणारे रुग्ण मी पाहिलेत. ६ लाख युनिटची इंजेक्शनं अशक्तपणासाठी म्हणून पुन्हा पुन्हा टोचून घेतलेलेही पाहिलेत : उलट्या, बद्धकोष्ठता, सतत लघवी, गुंगी, कॅल्शियम १४ आणि मूत्रपिंड धोक्यात. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे विषबाधा उतरायला कित्येक आठवडे ते महिने लागतात. सुरुवातीचा कोर्स बहुधा आठ आठवड्यांचा, मग महिन्याला एक, आणि मध्ये तपासणी. पुडी दुधासोबत किंवा जेवणानंतर घ्या, स्निग्ध पदार्थासोबत ती चांगली शोषली जाते.

वाचकांना घाबरवणारी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. उपचार सुरू झाल्यावर अल्कलाईन फॉस्फटेज पहिले काही आठवडे वाढूही शकतं. नव्या चौकटीत खनिज भरायला लागलं की असं होतं. औषध लागू पडत नाही म्हणून बंद करू नका.

बेलापुरी

माझ्या थोरल्या भावाचा अनुभव. दादाला मुतखडे. एक काढला की दुसरा. प्रत्येक वेळी 'पाणी भरपूर प्या, टोमॅटो-पालक बंद' एवढंच. पुढे मोटारसायकल स्टँडवर लावताना दंडाचं हाड मोडलं. पडला नाही, आदळला नाही. एक्स-रेत हाडात पोकळी दिसली आणि घरात कॅन्सर हा शब्द आला. तो आठवडा आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. बायोप्सीच्या आधी एका तरुण निवासी डॉक्टरने कॅल्शियम बघितलं, ते १२.८ निघालं, आणि पीटीएच हजाराच्या वर. गळ्यात पॅराथायरॉईडची गाठ होती, वाटाण्यापेक्षा जराशी मोठी. तिने हाडातलं कॅल्शियम खेचून रक्तात आणलं होतं आणि तेच मूत्रपिंडात खडे होऊन बसत होतं. ती काढली आणि हाडातली पोकळी पुढे आपोआप भरत गेली. आधीच्या प्रत्येक खड्याच्या वेळी रक्त काढलं होतं, पण त्यात कॅल्शियम बघितलंच नव्हतं.

निर्झर

बेलापुरी, त्या निवासी डॉक्टरला माझा सलाम सांगा. ती पोकळी म्हणजे ब्राऊन ट्यूमर. नावात ट्यूमर असला तरी कॅन्सर नाही. परत परत मुतखडे होणाऱ्या प्रत्येकाचं कॅल्शियम बघायलाच हवं.

पॅराथायरॉईड या चार इवल्या ग्रंथी, थायरॉईडच्या मागे. त्या प्रथम दिसल्या रिचर्ड ओवेनला, १८५० च्या सुमारास, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन पुढे १८८० मध्ये स्वीडनच्या सँडस्ट्रॉमने केलं, आणि गाठ काढायची पहिली शस्त्रक्रिया १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडलने केली. आज सेस्टामिबी स्कॅन आणि सोनोग्राफीने गाठ कुठे आहे ते आधीच कळतं. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस मात्र सांभाळावं लागतं. उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम एकदम ओढून घेतात, हातापायाला मुंग्या येतात, बोटं वळतात. तेव्हा शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं.

पांढरकवडा_रोड

आमच्या यवतमाळ जिल्ह्याकडं पण बघा जरा. इकडं बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे, चंद्रपुराकडंही आहे. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, मोठ्यांची मान वळत नाही, पाठ ताठ, बसलं की उठता येत नाही. आमचे काका पन्नाशीत काठीवर आले. सगळे म्हणायचे वात आहे. डेक्सा केलं तर रिपोर्टात हाडं उत्तम, नॉर्मलपेक्षाही भारी! मग एका डॉक्टरांनी कोपरापासून मनगटापर्यंतचा एक्स-रे काढला. दोन हाडांमधला जो पडदा असतो त्यात चुना साठला होता. फ्लोरोसिस. पाण्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटल्यावर प्रमाण वाढतं. फ्लोराईड काढायची तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरीनेच (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) काढलेली आहे. काकांची पाठ काही सरळ झाली नाही. आता आमच्या गल्लीत पिण्याला विहिरीचं, तपासून घेतलेलं पाणी.

निर्झर

फार महत्त्वाची पोस्ट. फ्लोरोसिसचं हाड घट्ट दिसतं, पण त्याची प्रत वाईट असते. आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्याच पाण्याने मुलांचे पाय जास्त वाकतात. त्यामुळे तिकडे दूध, नाचणी, तीळ मुलांच्या पोटात जायलाच हवं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे.

ओली_माती

मी एका सात वर्षांच्या मुलीची आई. ती चालायला लागली तशी पायांत कमान दिसायला लागली. ड जीवनसत्त्वाचे कोर्स झाले, पुन्हा झाले, पाय तसेच. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या तेलाने चोळलं नाहीस म्हणून. हे फार लागायचं.

ज्या गोष्टीमुळे उशीर झाला ती मुद्दाम सांगते. तिचा फॉस्फरस २.७ होता आणि लॅबच्या कागदावर समोर नॉर्मल म्हणून २.५ ते ४.५ छापलं होतं. त्यामुळे कुणी पुन्हा बघितलंच नाही. ती मोठ्यांची मर्यादा होती. त्या वयाच्या मुलाला साधारण पावणेचारच्या वर हवा. मुलांच्या डॉक्टरांपैकी एकीने ते पकडलं, मग लघवीतलं फॉस्फेट तपासलं आणि शेवटी जनुकीय तपासणी झाली : एक्स-एल-एच, म्हणजे एक्स गुणसूत्रावरून येणारा फॉस्फेट वाहून जाण्याचा आजार. एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक जास्त तयार होतं आणि मूत्रपिंड फॉस्फेट धरून ठेवत नाही. तेलाचा, उन्हाचा, माझ्या दुधाचा काही संबंध नाही.

आता दिवसातून चार-पाच वेळा फॉस्फेटचं औषध आणि सोबत अल्फाकॅल्सिडॉल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. चव वाईट, पोट बिघडतं, शाळेत बाटली द्यावी लागते. मूत्रपिंडात कॅल्शियम साठत नाही ना म्हणून अधूनमधून सोनोग्राफी. दातांनाही जपावं लागतं, किडलेला नसतानाही दाताच्या मुळाशी गळू होतो. २०१८ पासून परदेशात बुरोसुमॅब हे इंजेक्शन आलंय, ते थेट एफजीएफ-२३ ला अडवतं. किंमत आमच्या आवाक्यातली नाही. पण औषधाने लेकीचे पाय बरेच सरळ झालेत, आणि या वर्षी ती शाळेच्या लेझीम पथकात आहे.

शेवंती

ओली_माती, लेकीला खूप आशीर्वाद. कागदावर छापलेल्या मर्यादेचं जे सांगितलंत ते प्रत्येक आईबापाने वाचावं.

क्लाईडकाठ

मी ग्लासगोत असते. इथे १९६२ मध्ये डनिगन आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुडदूस आणि ऑस्टिओमलेशियावर लिहिलं, तेव्हापासून दक्षिण आशियाई लोकांत हा आजार शोधतात. ५६ अंश उत्तरेला ऑक्टोबर ते मार्च ऊन असलं तरी त्यातून ड मिळत नाही. त्यात आपलं जेवण चपातीचं, कोंड्यातलं फायटेट हे द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. इथे सगळ्यांनाच शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घ्यायला सांगतात, आणि आपल्यासारख्या गडद कातडीच्या लोकांना वर्षभर घेण्याचा विचार करा म्हणतात. नव्याने येणाऱ्या मराठी मुलींनो, विशेषतः बाळाचा विचार असेल तर, जीपीकडे (इथला फॅमिली डॉक्टर) पहिल्याच भेटीत हा विषय काढा.

पारिजात

निर्झर डॉक्टर, आईचं वय ६८. सोसायटीत मोफत शिबिर होतं, टाचेवर मशीन लावून 'तीव्र ऑस्टिओपोरोसिस' म्हणून चिठ्ठी दिली आणि वर्षातून एकदाचं सलाईन घ्यायला सांगितलं. घ्यावं का?

निर्झर

पारिजात, टाचेच्या मशीनवर उपचार ठरवू नका. ती फार तर चाळणी आहे. खुबा आणि कंबरेच्या मणक्याचा डेक्सा करा, आणि उंची मोजा. तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटरच्या वर कमी झाली असेल तर मणक्याचा बाजूने एक्स-रे काढा, कारण मणके न कळत दबलेले असतात. आईंनी दमा किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉईड घेतलं असेल तर तेही सांगा.

ते सलाईन म्हणजे झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम. औषध उत्तम आहे. २००७ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली. पण ते हाड खाणाऱ्या पेशी थांबवतं. ड कमी असलेल्या माणसात रक्तातलं कॅल्शियम टिकून असतं ते त्या पेशींच्या जिवावर. तिथे हे सलाईन दिलं तर कॅल्शियम धोकादायक खाली जातं, पेटके येतात, झटकेही येऊ शकतात. वर म्हटलं होतं ते नुकसान हेच. म्हणून आधी ड, कॅल्शियम, क्रिएटिनिन बघायचं, कमतरता भरून काढायची, दाताचं काही काम असेल तर ते उरकायचं, मग सलाईन. गोळी हवी असेल तर अलेंड्रोनेट आठवड्याला ७० मिलिग्रॅम : सकाळी उपाशीपोटी, पूर्ण पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते.

कुंभारवाडा

डॉक्टर, माझ्या वहिनीला रक्त कमी म्हणून लोहाची सलाईन दोनतीनदा दिली. त्यानंतर पाय दुखतात, जिना चढवत नाही. हिमोग्लोबिन तर आता चांगलं आहे. संबंध असू शकतो का?

निर्झर

हो, असू शकतो. तिच्या कागदांवर फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज हे नाव आहे का बघा. त्याने काही जणांत एफजीएफ-२३ वाढून फॉस्फरस पडतो, आणि पुन्हा पुन्हा दिलं तर हाडं मऊ पडू शकतात. याच आठवड्यात उपाशीपोटी फॉस्फरस करून घ्या, सोबत कॅल्शियम, अल्कलाईन फॉस्फटेज, ड, पीटीएच. फॉस्फरस कमी आला तर पुढचं लोह दुसऱ्या प्रकारचं द्यायला सांगा. वहिनी कावीळ ब साठी टेनोफोविर किंवा फिट्सची गोळी घेत असेल तर ते लपवू नका, तीही हाडावर येतात.

आणि लोह थांबवूनही काही महिन्यांत फॉस्फरस वर आला नाही, तर शरीरात कुठेतरी एफजीएफ-२३ बनवणारी छोटी गाठ आहे का ते शोधावं लागतं. ती तळपायात, जबड्यात, नाकाच्या पोकळीत, कुठेही असते, कधी शेंगदाण्याएवढी. डोटाटेट पेट स्कॅनमध्ये सापडते आणि पूर्ण काढली तर फॉस्फरस काही दिवसांतच सुधारतो. अशा रुग्णांवर मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या एंडोक्रिनॉलॉजी विभागाने बरंच काम प्रसिद्ध केलंय. पण ती फार पुढची पायरी. आधी फॉस्फरस करा आणि आकडा इथे लिहा.

कुंभारवाडा

नाव तेच आहे, आत्ताच कागद बघितला. उद्या सकाळी लॅबला नेतो.